विजेच्या पट्टीनं लक्ष लागेल का?

चंचल मुलांसाठी ‘औषधाशिवाय उपचार’ म्हणून डोक्याला सौम्य वीज देणारी यंत्रं आली आहेत. गोळ्यांना घाबरणाऱ्या आईला त्यांचं आकर्षण वाटणं साहजिकच आहे. पण पैसे मोजण्याआधी या यंत्रांची खरी हकीगत ठाऊक असलेली बरी.

‘‘हुशार आहे हो तुमचा मुलगा, पण एका जागी बसेल तर शपथ!’’

पालकसभेत बाईंनी हे वाक्य उच्चारलं की आईची मान आपोआप खाली जाते. त्यात मुरुडसारखं गाव म्हणजे सगळे सगळ्यांना ओळखणारे. भाजी घेताना, एसटीची वाट बघताना, मासळी घ्यायला उभं असताना कुणी ना कुणी विचारतंच, ‘‘काय गो, तुझ्या पोराची परत तक्रार आली म्हणे?’’ घरी सासूबाई म्हणतात, ‘‘ह्याचा बापूस पण असाच होता. मोठा झाला की होईल शहाणा.’’ शेजारची काकू मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायला सांगते. आणि नवरा? ‘‘तूच लाडावून ठेवलंयस त्याला,’’ एवढं बोलून तो मोकळा!

अशा वेळी मोबाईलवर एखादी जाहिरात येते. मुलगा छान खुर्चीत बसलाय, डोक्याला पट्टा लावलाय, शेजारी आई हसतेय. ‘गोळ्या नाहीत, सुई नाही, दुखणं नाही. मेंदूला चालना द्या, एकाग्रता वाढवा.’ खाली वीस-तीस सिटिंगचं पॅकेज. आईच्या मनात हिशेब सुरू होतो. भिशीचे पैसे कधी येतील? बांगड्या ठेवल्या तर किती मिळतील? मुंबईला कुणाकडे राहता येईल?

मैत्रिणींनो, हा हिशेब पुरा होण्याआधी थोडं थांबूया. हे यंत्र नेमकं करतं काय, आणि मुख्य म्हणजे मुलांना त्याचा उपयोग होतो का, ते पाहूया.

खोडकरपणा कुठे संपतो?

या दुखण्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. डॉक्टर थोडक्यात त्याला ‘एडीएचडी’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा आणि उतावळेपणा. हे काही मोबाईल आल्यावर निघालेलं नवं फॅड नाही. लंडनच्या जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन करून ठेवलंय. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तर शाळकरी वयातल्या साधारण ५ टक्के मुलांमध्ये हा त्रास आढळतो. म्हणजे ४० जणांच्या वर्गात सरासरी दोघं तरी!

म्हणून प्रत्येक मस्तीखोर मुलाला एडीएचडी असतो असं मात्र नाही हं. मूल म्हटलं की धावणारच. फरक ओळखायला डॉक्टर काही गोष्टी बघतात. त्रास निदान सहा महिने टिकून आहे का? बाराव्या वर्षाच्या आत सुरू झाला का? घर, शाळा, शिकवणी यातल्या किमान दोन ठिकाणी दिसतो का? आणि त्यामुळे मुलाचं शिक्षण, मैत्री, रोजचं जगणं अडतंय का? घरी धुमाकूळ घालणारा पण शाळेत शहाण्यासारखा वागणारा मुलगा असेल, तर कारण वेगळं शोधावं लागतं.

मुलींच्या बाबतीत तर मोठीच पंचाईत होते. त्या बऱ्याचदा बाकावरून उड्या मारत नाहीत. खिडकीबाहेर बघत गप्प बसून राहतात. वही हरवते, अर्धं गणित सुटतं, सांगितलेलं काम विसरतं. पण त्रास कुणालाच होत नाही, म्हणून तक्रारही येत नाही. ‘आमची जरा धांदरट आहे’ असं म्हणून आपण सोडून देतो आणि पोरगी मनातल्या मनात स्वतःला ‘ढ’ ठरवून बसते.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रक्ताची तपासणी, एमआरआय किंवा ‘ब्रेन मॅपिंग’ यांच्या एका कागदावरून हे निदान होत नाही. आईवडिलांशी सविस्तर बोलून, शिक्षकांचं मत घेऊन, मुलाला तपासूनच ते करावं लागतं. मुलाला नीट ऐकू येतं का, दिसतं का, झोप पुरते का, फिट येत नाही ना, वाचण्या-लिहिण्यातली वेगळी अडचण आहे का, हे सगळं पाहावं लागतं. ‘तारे जमीन पर’ (२००७) आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यातल्या ईशानसारखी अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी या दोन वेगळ्या गोष्टी. पण कधी कधी त्या एकाच मुलात हातात हात घालून येतात.

आणि दोष कुणाचा? आईचा नाही. बापाचाही नाही. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून दिसतं की या त्रासात अनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास आहे. दिवस भरण्याआधी झालेल्या, जन्मतः वजन खूप कमी असलेल्या मुलांत तो थोडा जास्त दिसतो. लाड केले म्हणून तो होत नाही आणि मार दिला म्हणून जात नाही. ‘बापूस पण असाच होता’ या सासूबाईंच्या वाक्यात म्हटलं तर थोडं शास्त्रही आहे! फक्त ‘होईल आपोआप शहाणा’ यावर विसंबून राहणं बरं नाही. वय वाढतं तसा धावपळीचा भाग कमी होतो. पण लक्ष न टिकणं, विसरणं, उतावीळपणा हे अनेकांत मोठेपणीही उरतं.

पाकटाच्या झटक्यापासून कपाळावरच्या पट्टीपर्यंत

आता यंत्राकडे वळू. आपला मेंदू चालतो तोच मुळी अतिसूक्ष्म विजेवर. त्यामुळे बाहेरून वीज देऊन मेंदूचं दुखणं बरं करता येईल का, हा विचार फार जुना आहे. समुद्रात पाकटाच्या जातकुळीतला एक मासा असतो. हात लावला की झटका देतो. असा जिवंत मासा कपाळावर ठेवला की डोकेदुखी थांबते, असं रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस यानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. ज्यांच्या घरात रोज जाळी विणली जातात त्या आपल्या कोळणींना हे ऐकून हसूच येईल!

आजच्या यंत्रांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. तिन्हींत कापाकापी नाही, भूल नाही.

पहिला प्रकार चुंबकाचा. त्याला टीएमएस म्हणतात. डोक्याजवळ एक वेटोळं धरतात, त्यातून टक् टक् आवाज होत चुंबकाचे ठोके पडतात आणि कवटीखालच्या भागात हलकी वीज निर्माण होते. इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे दाखवून दिलं. मोठ्या माणसांच्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ साली याला परवानगी मिळाली. गोळ्यांनी गुण न आलेल्या काही रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो.

दुसरा प्रकार टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावायचे आणि त्यातून १ ते २ मिलिअँपिअर इतका बारीक प्रवाह अर्धा तास सोडायचा. थोड्या मुंग्या आल्यासारखं, खाजल्यासारखं वाटतं.

तिसरा प्रकार कपाळावरच्या पट्टीचा. चेहऱ्याला स्पर्शाची जाणीव देणारी ट्रायजेमिनल नावाची नस कपाळाच्या कातडीखालून जाते. झोपताना कपाळावर चिकटपट्टी लावायची, मोबाईलएवढ्या डबीतून तिला हलके विद्युतठोके द्यायचे. नसेवाटे ते मेंदूपर्यंत पोहोचतात आणि लक्ष सांभाळणाऱ्या भागांना जागं करतात, अशी त्यामागची कल्पना.

‘शॉक ट्रीटमेंट’शी यांची गल्लत करू नका. ईसीटी म्हणजे शॉकमध्ये शेकडो मिलिअँपिअरचा प्रवाह देऊन मुद्दाम फिट आणतात, तीही भूल देऊन. गंभीर मानसिक आजारांत तो जीव वाचवणारा उपचार ठरतो. पण अठरा वर्षांखालच्या मुलांना तो देण्यावर आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं कडक बंधनं घातली आहेत. पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय तो देताच येत नाही. आपण बोलतोय ती यंत्रं त्यापेक्षा कितीतरी सौम्य आहेत. त्यामुळे ‘पोराला शॉक देणार’ म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रश्न भीतीचा नाहीच. प्रश्न उपयोगाचा आहे.

६२ मुलं आणि १५० मुलं

या उपयोगाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ६२ मुलांवर कपाळपट्टीचा प्रयोग झाला. काही मुलांना खरी चालू पट्टी, काहींना हुबेहूब तशीच पण वीज नसलेली पट्टी. कुणाला कोणती मिळाली हे मुलांना ठाऊक नाही आणि आईवडिलांनाही नाही. चार आठवडे रोज रात्री पट्टी लावली. लक्षणांना गुण द्यायची एक मोजपट्टी असते, गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. खऱ्या पट्टीवाल्या मुलांचे गुण सरासरी ३४.१ वरून २३.४ वर आले. छान! पण खोट्या पट्टीवाल्यांचं काय झालं माहितेय? त्यांचेही ३३.७ वरून २७.५ वर आले!

तरीही दोघांत फरक होता. पट्टीपासून मोठा धोकाही दिसला नाही. झोपाळूपणा, भूक वाढणं, डोकेदुखी, दात आवळणं, थकवा एवढीच तक्रार. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एप्रिल २०१९ मध्ये ‘मोनार्क’ नावाच्या या यंत्राला परवानगी दिली. ७ ते १२ वर्षांच्या, एडीएचडीची औषधं न घेणाऱ्या मुलांसाठी. एडीएचडीच्या उपचारासाठी परवानगी मिळालेलं हे पहिलंच यंत्र. ‘गोळीविना इलाज सापडला’ म्हणून जगभर बातम्या झळकल्या.

पण ६२ मुलं म्हणजे फार थोडी. शिवाय मुलं काय खुळी असतात? कपाळाला झिणझिण्या येतात की नाही यावरून आपली पट्टी खरी की खोटी हे त्यांनी ओळखलं नसेल कशावरून? म्हणून लंडनचं किंग्ज कॉलेज आणि साउथॅम्प्टन विद्यापीठ इथल्या संशोधकांनी अधिक मोठा आणि अधिक काटेकोर प्रयोग केला. ८ ते १८ वर्षांची १५० मुलं घेतली. खोट्या पट्टीतूनही अधूनमधून किंचित झिणझिण्या येतील अशी सोय केली, म्हणजे ओळखायला जागाच नको. २०२६ च्या सुरुवातीला त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. पट्टी सुरक्षित होती. पण खऱ्या आणि खोट्या पट्टीत लक्षणांच्या बाबतीत फरक आढळला नाही.

म्हणजे पहिले संशोधक लबाड होते का? मुळीच नाही. लहान प्रयोगात आशा दिसते, मोठ्या प्रयोगात ती पारखली जाते. शास्त्र असंच पुढे जातं. लबाडी तेव्हा होते, जेव्हा पहिल्या प्रयोगाची बातमी भिंतीवर टांगून दुसऱ्या प्रयोगाबद्दल गप्प बसतात.

आता खोट्या पट्टीवाल्या मुलांकडे पुन्हा एकदा बघा. वीज नाही, काही नाही, तरी गुण कसा आला? एक तर आशा. आपल्या लेकरावर इलाज चाललाय म्हटलं की आईला त्याच्या चांगल्या गोष्टी दिसायला लागतात. ओरडा कमी होतो. दुसरं असं की त्रास कमी-जास्त होतच असतो आणि आपण डॉक्टरकडे जातो ते तो अगदी टोकाला गेल्यावर. आणि मला तर वाटतं, रोज रात्री ठरल्या वेळी आई शेजारी बसते, कपाळ पुसते, पट्टी लावते, ‘झोप हं आता’ म्हणते, या गोष्टीचंही काहीतरी मोल असेलच ना! ‘आमच्या ओळखीतल्या एकीच्या मुलाला फरक पडला’ असं कुणी सांगितलं तर ती खोटं बोलत नसते. फक्त तो फरक यंत्रानं पडला का, हे तिच्या सांगण्यावरून कळत नाही.

बाकीच्या यंत्रांचं काय?

टीडीसीएसबद्दल ब्राझीलमधून २०२२ साली एक उमेद वाढवणारा निकाल आला. ६४ जणांनी चार आठवडे रोज अर्धा तास घरीच यंत्र वापरलं. खरी वीज मिळालेल्यांचं लक्ष सुधारलं. पण ही सगळी मोठी माणसं होती, मुलं नव्हेत. लंडनला ५० शाळकरी मुलग्यांवर बुद्धीच्या खेळांबरोबर टीडीसीएस देऊन पाहिलं, त्यात खोट्या यंत्रापेक्षा जास्त फायदा मिळाला नाही. वाढत्या वयाचा मेंदू हा मोठ्यांच्या मेंदूची छोटी प्रत नसतो. त्यामुळे एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

टीएमएसचे एडीएचडीसाठी झालेले प्रयोग लहान आणि उलटसुलट निकालांचे आहेत. त्यात क्वचित का होईना फिट येण्याचा धोका असतो, म्हणून तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. ‘न्यूरोफीडबॅक’ नावाचा आणखी एक प्रकार खूप विकला जातो. त्यात वीज देत नाहीत. मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या ताब्यात ठेवायला शिकवतात. ३८ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा सरसकट सांगता येण्याजोगा फायदा त्यातूनही दिसला नाही.

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत मेंदूला चालना देण्याच्या या पद्धतींवर गंभीरपणे काम चालतं. उद्या यातून मुलांसाठी काही चांगलं निघूही शकेल. आजची स्थिती मात्र सरळ आहे. मुलांच्या एडीएचडीसाठी नेहमीचा, खात्रीचा उपचार म्हणून यातलं एकही यंत्र सिद्ध झालेलं नाही.

आणि इंटरनेटवरून यंत्र मागवून घरच्या घरी प्रयोग? ते तर नकोच नको. जे संशोधक स्वतः या विषयात काम करतात, त्यांनीच २०१६ साली जाहीर पत्र लिहून लोकांना सावध केलं होतं. मेंदूच्या एका भागाला चालना देताना दुसऱ्यावर काय परिणाम होईल, हे घरी बसून कसं कळणार?

मग उपयोग कशाचा होतो?

पहिला उपयोग आईवडिलांना मिळणाऱ्या प्रशिक्षणाचा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर डॉक्टर सुरुवात यानंच करतात. त्यात मुलाला नव्हे, तर पालकांना शिकवतात, कसं सांगायचं, कशाकडे दुर्लक्ष करायचं, शाबासकी कधी द्यायची.

दुसरा उपयोग औषधांचा. इथे आयांचा जीव खालीवर होतो. ‘मेंदूची गोळी’ म्हटलं की ‘पोरगा गुंगीत राहील, सवय लागेल’ असं वाटतं. खरं तर एडीएचडीसाठी जास्त वापरलं जाणारं मेथिलफेनिडेट हे गुंगीचं औषध नाही. मेंदूतल्या लक्ष सांभाळणाऱ्या यंत्रणेला ते मदत करतं. २०१८ साली १३३ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात मुलांसाठी पहिली पसंती याच औषधाला मिळाली. हे औषध चष्म्यासारखं आहे. चष्म्यानं डोळा बरा होत नाही, पण फळा दिसतो. फळा दिसला की शिकता येतं.

दुष्परिणाम आहेत, ते लपवायचे कशाला? भूक कमी होते, झोप उशिरा लागते, पोट किंवा डोकं दुखतं. म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब वेळोवेळी बघावे लागतात. हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळूही नये. दुसऱ्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला कधीच देऊ नका. एक औषध सोसलं नाही तर दुसरी आहेत. सगळ्यांना गोळी लागतेच असंही नाही. हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

तिसरा उपयोग शाळेचा. पहिल्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, मधूनच उठायला निमित्त. खडू आणायला, वह्या गोळा करायला बाईंनी याच मुलाला पाठवलं तर दोघांचाही दिवस बरा जातो!

मुरुडहून जायचं कुठे?

मुंबईचं पॅकेज म्हणजे नुसती फी नसते. आठवड्यातून पाच दिवस, महिनाभर जायचं तर मुरुडच्या बाईनं तिथं राहायचं कुठे? धाकट्याला कुणी बघायचं? वाडीतली कामं, खानावळ, मासळीचा धंदा कुणी सांभाळायचा? आणि मुलाची महिनाभराची शाळा बुडणार ती वेगळीच. हा सगळा खर्च एका असिद्ध उपचारासाठी करण्याआधी जवळच्या वाटा बघा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळांमध्ये वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा मुलं तपासायला येतं. २०१३ साली या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पथक नुसतं दात आणि डोळे बघून जात असेल तर आपण होऊन सांगा, ‘‘डॉक्टर, याचं लक्ष टिकत नाही, तेही बघा.’’

सुमारे ५० किलोमीटरवर अलिबागला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात, ते आधी विचारून मगच एसटी पकडा. पुढे गरज पडली तर मुंबईतली केईएम, शीव, नायर ही मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. महिन्यातून एखादी फेरी झेपते, रोजची नाही.

आणि घरबसल्या? ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नाव गावभर होईल ही भीती नाही.

पैसे भरण्याआधी हे विचाराच

• माझ्या मुलाचं निदान कुणी आणि कशावरून केलं? ते डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेले आहेत का? मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का?

• या यंत्राला भारतात परवाना आहे का? तो कोणत्या आजारासाठी आणि कोणत्या वयासाठी? मोठ्यांच्या नैराश्याचा परवाना दाखवून मुलांच्या चंचलपणावर इलाज चालला नाही ना?

• हा उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर नैतिक समितीची मंजुरी आणि सरकारी नोंदणी कुठे आहे? आणि मग पॅकेजचे पैसे आमच्याकडून कशाला?

• खोट्या यंत्राशी तुलना करून फायदा दिसलाय का? ती तुलना किती मुलांवर झाली?

• मुलाला कधी फिट आली होती का, डोक्यात किंवा कानात धातूचं काही बसवलंय का, हे तुम्हाला कुणी विचारलं का? विचारलं नसेल तर सरळ उठून या.

• चालू औषध बंद करायला सांगताहेत का? आधीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नका.

• फरक पडला नाही तर राहिलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळतील का? कागदावर लिहून मागा.

अशा प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट त्याला बरं वाटतं.

घरात काय करता येईल?

‘‘आवर, दप्तर भर, डबा घे, पाणी पी, चपला घाल!’’ असा एका दमात भडिमार केला तर या मुलांच्या कानात शेवटचं वाक्यही उरत नाही. जवळ जा. नाव घेऊन हाक मारा. डोळ्यांत बघून एकच काम सांगा. ते झालं की लगेच शाबासकी, मग दुसरं काम. बक्षीस परीक्षेनंतरच्या सायकलचं नको. आज संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या जादा खेळाचं ठेवा. लांबचं बक्षीस या मुलांना दिसतच नाही.

अभ्यास दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत घ्या, मध्ये हातपाय हलवू द्या. आणि धावायला आपल्याला समुद्राचा एवढा मोठा किनारा दिलाय की! ओहोटीच्या वाळूवर संध्याकाळी तासभर पळू दे त्याला. खेळानं हा आजार बरा होत नाही, पण अंगातली बेचैनी उतरते, भूक लागते, झोप गाढ लागते. झोपायच्या आधी तासभर मोबाईल बाजूला, तुमचासुद्धा! शिक्षा म्हणून खेळ बंद करू नका. या मुलांसाठी ती उलटीच पडते.

घरातल्या बाकीच्यांनाही यात ओढा. बाबांनी वही बघायची, आजीनं झोपायची वेळ सांभाळायची. सगळा भार एकट्या आईवर पडला की तीही चिडते, मग रडते, मग स्वतःलाच दोष देते. आणि हो, हे सगळं वाचताना ‘अगं बाई, मीही अशीच होते की!’ असं वाटलं, तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा. मोठ्या बायकांमध्येही एडीएचडी असतो आणि त्यावरही उपचार होतात.

आजच एक दोनशे पानी वही घ्या. दोन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा. कधी चिडला, कुठे हरवला, किती झोपला, आणि दिवसभरात कोणती एक गोष्ट छान केली. मग वर्गाच्या बाईंना विचारा, ‘‘तुम्हीही दोन ओळी लिहाल का?’’ ही वही घेऊन डॉक्टरांसमोर बसलात तर निम्मं काम तिथेच होईल. त्या वहीची किंमत तीस-चाळीस रुपये असेल. पण तुमच्या मुलाबद्दल ती जे सांगेल, ते कपाळावरची कुठलीही पट्टी सांगू शकणार नाही.